जपानीत रॉक गाणारे चौघं

श्रोतेहो, नमस्कार.

१९७० च्या सुमारास टोकियोच्या संगीतवर्तुळात एक वाद चांगलाच पेटला होता. रॉक गायचं तर इंग्रजीतच, असं रॉक गायक यूया उचिदा यांच्यासारख्या वजनदार मंडळींचं मत होतं. जगानं ऐकावं असं वाटत असेल तर जपानी सोडा, शिवाय आपले शब्द त्या ठेक्यात बसतच नाहीत, असं ते म्हणत. त्याच वेळी विशीच्या आसपासचे चार तरुण हट्टानं जपानीत गात होते: हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, शिगेरू सुझुकी आणि ताकाशी मात्सुमोतो. बँडचं नाव ‘हॅप्पी एंड’. तेही ते जपानी लिपीतच लिहीत.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांचा गीतकारच ड्रम वाजवत होता. मात्सुमोतो शब्द लिहीत आणि ठेकाही धरत. १९७० च्या पहिल्या रेकॉर्डवरचं ‘हारु यो कोई’ ऐका. घर सोडून आलेला मुलगा नववर्षाला एकटाच आहे आणि घरची शेगडी, घरचं जेवण आठवतोय. विषय इतका घरगुती आणि मागे गिटार मात्र कडाडतेय! गाणारे ओताकी शब्द तोडतात, अक्षरं लांबवतात, आणि वादाचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. या रेकॉर्डच्या वेष्टनावर नूडल्सच्या दुकानाची पाटी आहे, म्हणून जपानी रसिक तिला आजही ‘युदेमेन’, म्हणजे उकडलेल्या नूडल्स, म्हणतात.

१९७१ साली आली दुसरी रेकॉर्ड, ‘काझेमाची रोमान’. काझेमाची म्हणजे वाऱ्याचं गाव. हे गाव नकाशात नाही. मात्सुमोतो टोकियोच्या आओयामा भागात वाढले. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी रस्ते रुंद झाले, त्यात त्यांचं घर गेलं. पुढे ट्रामही एकेक करून बंद पडत गेल्या. आओयामा, शिबुया, आझाबू या आपल्या लहानपणच्या परिसराला त्यांनी हे नाव दिलं आणि गेलेलं शहर गाण्यांत पुन्हा वसवलं. तक्रारीचा सूर मात्र कुठेच नाही. मला त्यांचा हा संयम फार आवडतो. २००७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या संगीत मासिकाच्या जपानी आवृत्तीनं जपानी रॉकच्या शंभर रेकॉर्ड्समध्ये हिला पहिला क्रमांक दिला, आणि तो योग्यच होता.

तिसरी रेकॉर्ड त्यांनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन केली. शेवटच्या गाण्यात अमेरिकन संगीतकार व्हॅन डाइक पार्क्सही सामील झाले. पण बँडची मनं तोवर पांगली होती. त्याच वर्षाअखेर ते वेगळे झाले आणि रेकॉर्ड १९७३ मध्ये बाजारात आली.

पुढे होसोनोंनी १९७८ मध्ये यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा बँड उभा केला. ओताकींची १९८१ ची रेकॉर्ड ‘अ लाँग व्हेकेशन’ तुफान खपली, आणि तिची बहुतेक गाणी मात्सुमोतोंनीच लिहिली होती. मैत्री टिकली होती तर!

आता ऐकू या ‘काझे ओ आत्सुमेते’. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या २००३ च्या चित्रपटामुळे हे गाणं जगभर पोचलं. यात बँडमधले दोघंच आहेत, होसोनो आणि मात्सुमोतो. अमेरिकन गायक जेम्स टेलर यांना ऐकून होसोनोंना आपला खालच्या पट्टीतला आवाज सापडला होता. तो आवाज ऐका, आणि त्याखाली त्यांनीच वाजवलेला बेस.