रंगाखालची पद्मिनी

(लोहचुंबक दारावरून सरकतंय. एका जागी निसटून खाली पडतं.)

जुनी गाडी बघायला आलेला माणूस सहसा आधी बॉनेट उघडतो. जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणणारे आमचे काका बॉनेटला हातही लावत नाहीत. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढतात आणि गाडीच्या अंगावरून फिरवत राहतात. चिकटलं तर आत पत्रा आहे. निसटलं तर आत पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. या दारात, मुठीच्या खाली, चांगली वीतभर पुट्टी निघाली. वरचा रंग मात्र शोरूममधून आत्ता बाहेर पडल्यासारखा.

(कुर्ल्याचा रस्ता. नंतर गाडीच्या नाकाचा जवळून घेतलेला शॉट.)

ही १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पन्नासच्या दशकात तिथे फियाटच्या गाड्या तयार व्हायला लागल्या. आधी आली गोल नाकाची मिलेचेंतो. मुंबईनं तिचं नाव ठेवलं डुक्कर फियाट, आणि आज ती बाळगणारे हेच नाव छाती फुगवून सांगतात. १९६४ पासून डिलाइट. पुढे फियाटशी असलेला करार संपला, काही काळ प्रेसिडेंट हे नाव चाललं, आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव गाडीला मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. काका आजही हिला फियाटच म्हणतात.

(जुने फोटो, एकामागून एक.)

हे काका, तिशीच्या आतले. मागे उभी आहे त्यांची पहिली गाडी, आणि तिच्यावर काय काय लावलंय ते बघा. मागच्या काचेला पट्ट्यांचा पडदा. पुढे दोन पिवळे फॉगलॅम्प. सीटवर लाल-पांढरं रेक्झिन. छतावर कॅरिअर, ज्यावर कधी काही ठेवल्याचं कुणाला आठवत नाही. त्या काळात बाजारात गाड्याच मोजक्या होत्या. अँबॅसेडर, फियाट आणि क्वचित स्टँडर्ड. बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळायची ती शेजाऱ्याकडे असते तशीच. मग ती आपली कशी दिसणार? नटवूनच. आज त्याला मॉडिफिकेशन म्हणतात.

पुढे काकांचं धाडस वाढलं. या फोटोतली गाडी खाली बसवलेली आहे. मागच्या स्प्रिंगचे पाटे कमी केले होते. पुढे डिस्क ब्रेक, मारुतीच्या गाडीवरून काढून बसवलेले. गिअर जमिनीवर आणलेला. गाडी छान पळायची, असं काका सांगतात. खड्ड्यांचं काय व्हायचं, हे त्यांच्या पत्नी सांगतात.

(गॅरेज. दारं, सीट, काचा उतरवलेली गाडी.)

आता मात्र काकांचा हात उलट्या दिशेनं चालतो. लोकांनी पन्नास वर्षांत जे लावलं, ते काढायचं. मूळ गाडी जिथे सापडेल तिथपर्यंत जायचं. खरं काम इथून पुढे आहे, म्हणून आम्हीही इथे जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. फरशी, दारांखालचे पट्टे आणि छताचे खांब हाच तिचा सांगाडा. जीपचा पत्रा सडला तर जीप कुरूप दिसते. हिचा पत्रा सडला तर गाडी मधून वाकते. म्हणूनच सडलेला पट्टा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत हे लोखंडी पाइप आडवे टाचून घेतलेत. नाहीतर पट्टा कापला की चौकट हलते, आणि मग नवं दार बसतच नाही. बसलं तर लागत नाही.

(कार्पेट ओढून काढलं जातं. फरशीतून खालची जमीन दिसते.)

ड्रायव्हरच्या पायाखाली हे असं होतं. गंज नेहमी खालून येतो असं नाही. पुढच्या काचेचं रबर कडक होतं, पावसाचं पाणी आत झिरपतं, कार्पेटखालच्या गोणपाटात मुरतं आणि महिनोन्महिने तिथेच राहतं. मुंबईची खारी हवा त्याला मदत करते. वरून सगळं कोरडं दिसतं.

(पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आखणी. मग पत्रा कापण्याचा आवाज.)

फरशी तयार मिळत नाही. आधी पुठ्ठा कापायचा, जागेवर ठेवून बघायचा, पुन्हा कापायचा. तो नीट बसला की त्याच्या मापानं पत्रा. मग वेल्डिंग, पण सलग नाही. एक टाका इथे, दुसरा पलीकडच्या टोकाला, तिसरा मधे. एका जागी उष्णता साठली तर पातळ पत्रा लाटेसारखा उचलतो, आणि तो बसवायला पुन्हा चार दिवस जातात.

(डेंटिंगचे उस्ताद. हातोडी आणि डॉली. या भागात निवेदन थोडं थांबवावं, ठोक्यांचा आवाज ऐकू द्यावा.)

उस्तादांच्या उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात पत्र्यामागे टेकू म्हणून धरलेला लोखंडी ठोकळा, डॉली. डॉली बरोबर ठोक्याखाली असली तर आवाज खणखणीत येतो. बाजूला सरकली तर बद्द. उस्ताद बघत नाहीत, ऐकतात. पत्रा ताणून फुगला असेल तर तेवढाच ठिपका लाल होईपर्यंत तापवायचा आणि ओलं फडकं दाबायचं. फस्स. धातू आक्रसतो. शेवटची तपासणी तळव्यानं, आणि त्याहून शेवटची ट्यूबलाइटनं. पत्र्यात पडलेली ट्यूबची रेघ सरळ असली तर काम झालं. रेघ मुरडली तर पुन्हा हातोडी.

हेच काम पुट्टीचे दोन थर मारून एका दुपारीत उरकता येतं. बऱ्याच ठिकाणी तसंच उरकतात, आणि मोबाइलवरच्या आधी-नंतरच्या व्हिडिओंत ते फारच सुंदर दिसतं. दोन पावसाळ्यांनंतरचा व्हिडिओ कुणी टाकत नाही.

(इंजिन उतरवतानाचं चित्रीकरण नाही. थेट टेबलावर सुटे भाग.)

इंजिनाचा हेड, म्हणजे वरचा भाग, टेबलावर आहे. व्हॉल्व आणि त्याची बैठक यांच्यामध्ये घासायची पेस्ट लावलीय. व्हॉल्वच्या तोंडाला रबराची वाटी असलेली काठी चिकटवायची आणि ती दोन तळव्यांमध्ये, ताक घुसळताना रवी फिरते तशी, इकडून तिकडे फिरवायची. मधूनमधून उचलून जागा बदलायची. कडेला सगळीकडे एकसारखी राखाडी अंगठी उमटली की थांबायचं. मग हेड उलटा करून वर रॉकेल ओतायचं. थेंबही झिरपला नाही तर व्हॉल्व बसला.

कार्ब्युरेटर उघडून साफ झाला. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपातला रबरी पडदा आणि नळ्या मात्र साफ करून चालणार नव्हत्या, त्या बदलल्या. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि गळायला लागतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवली तर टाकी आतून गंजायची भीती. काकांचा उपाय सोपा. गाडी उभी ठेवायचीच नाही.

(काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे जुने फोटो. नंतर भंगाराचं दुकान, टांगलेले बंपर.)

सुटे भाग येतात ते मुख्यतः टॅक्सींच्या कृपेनं. मुंबईत ही गाडी इतकी वर्षं टॅक्सी म्हणून धावली की गल्लोगल्ली तिचा मिस्त्री होता आणि त्याच्या पेटीत तिचे भाग होते. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर मिस्त्रीही पांगले. हा उजव्या बाजूचा इंडिकेटर काकांना भंगारात मिळाला. डाव्या बाजूचा अजून मिळालेला नाही, म्हणून पुढचे सगळे शॉट उजवीकडूनच आहेत.

(प्रायमर. पाण्याचा पॉलिश पेपर. मग रंगाचा पहिला हात. निवेदन नाही.)

(बंपर बसवला जातो.)

रंग कुठला द्यायचा, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलाला मॅट काळा हवा होता. डॅशबोर्डच्या मागे, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथे मूळ रंगाचा बोटभर तुकडा सापडला. फिकट निळा. विषय तिथेच संपला. आमच्या मते बरोबरच झालं, पण मुलाची बाजूही अगदीच टाकाऊ नव्हती. त्याच्या वयाचे असताना काकांनी काय केलं होतं, ते वर फोटोंत आहेच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाप्रमाणे बदल करू देत नाही, त्यामुळे काकांचे जुने प्रयोग आज चालणार नाहीत. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. धूर आजच्या गाड्यांपेक्षा जास्त, खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, हेही खरं.

(चोक ओढला जातो. इंजिन सुरू. काकांचा चेहरा. इथे काहीही बोलू नये.)

(रस्ता. गाडी गल्लीतून बाहेर पडते.)

पहिला गिअर, दुसरा, तिसरा. दांड्यावरचा गिअर टाकताना काकांची दोनच बोटं हलतात. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं वाट दिली, जी तो एरवी कुणाला देत नाही.

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. पुढच्या एका चाकाच्या ब्रेकच्या ड्रममध्ये तेल उतरलंय, असा काकांचा अंदाज आहे. दोन्ही ड्रम पुन्हा उघडायचे आहेत. वायरिंगचं हॉर्नकडचं टोक राहिलंय. डावा इंडिकेटर शोधायचा आहे. आरटीओची तारीख त्यानंतर घेणार.