घरची व्हिस्की लाकडावर मुरते कशी?

मंडळी, आधी कायद्याचं उरकून घेऊ. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. त्यामुळे आज सांगतोय ते न्यूझीलंडचं. तिथे १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे, विकायला नाही. ऑकलंडला एका मित्राच्या गॅरेजमध्ये मी हा प्रकार पाहिला, आणि त्यातल्या रसायनशास्त्राने मला पकडलं.

भट्टीतून उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी स्वच्छ असते. तिला ओल्या धान्याचा वास येतो आणि ती घशाला जाळत जाते. रंग, व्हॅनिलाचा गोडसर वास, खोबऱ्याची छटा हे सगळं नंतर लाकडातून येतं. लाकूड म्हणजे ओक, त्यातही अमेरिकन पांढरा ओक. त्याच्या नळ्या आतून आपोआप बुजलेल्या असतात, म्हणून व्हिस्की मुरवायचं त्याचं पिंप गळत नाही. तांबड्या ओकचं पिंप केलंत तर ते पाझरत राहील.

पण कच्चं लाकूड बुडवून उपयोग नसतो, ते भाजावं लागतं. उष्णतेने लाकडातलं हेमिसेल्युलोज तुटून कॅरॅमलसारखी गोडी येते, लाकडातल्याच लिग्निनपासून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन सुटतं. खोबऱ्याचा वास लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा, तो ओकचा स्वतःचाच. वरून जाळून कोळसा केला की तो थर गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला तर आतून जाळलेलं कोरं पिंपच लागतं, तसा अमेरिकेचा नियम आहे. घरी पिंप कुठून आणणार? मित्र ओकच्या बोटभर कांड्या फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये भाजतो, वरून ब्लोटॉर्च फिरवतो आणि काचेच्या बरणीत टाकतो. व्हिस्की असते ५५ ते ६० टक्के अल्कोहोलची. तीव्रता फार कमी ठेवली तर तुरट टॅनिन जास्त उतरतं.

आता गंमत बघा. काही आठवड्यांत त्या बरणीला असा सुरेख तांबूस रंग येतो की दुकानातली १२ वर्षांची बाटली शेजारी फिकी दिसावी. आणि इथेच माणूस फसतो. काही जण हौसेने पाच लिटरचं छोटं पिंप घेतात. २०० लिटरच्या पिंपाच्या तुलनेत त्यात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जवळपास साडेतीन पट असतो. मग वेळही तितक्याच पटीने वाचला, असा हिशेब मांडतात. तो साफ चुकीचा आहे. लाकडातून द्रव्यं उतरणं हे एक काम. दुसरं काम हवेचं: प्राणवायूशी हळूहळू संयोग होतो, आम्लं तयार होतात, आम्लं आणि अल्कोहोल मिळून फळांसारख्या वासाची एस्टर बनतात. ही दुसरी गोष्ट लाकूड वाढवून लवकर होत नाही. उलट लाकूड तिच्या आधीच पुढे निघून जातं, आणि चहापत्ती उकळत राहिल्यासारखी व्हिस्की कडवट होते.

म्हणून जाणते लोक चव बघून कांड्या वेळेवर काढून घेतात, पण व्हिस्की लगेच पीत नाहीत. बरणीत थोडी हवा राहू देतात, अधूनमधून झाकण उघडतात (जवळ जाळ नको, वाफ पेट घेते), आणि पुढे काही महिने नुसती ठेवतात. गोव्यात काजूची फेणी काचेच्या पोटमोठ्या गराफांवमध्ये ठेवत आलेत, तिथे तर लाकडाचा संबंधच नाही.

हवामानाचा हात फार मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे बंगळुरूला तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणून तिथली अमृत व्हिस्की किंवा गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन पाच-सहा वर्षांत तयार होते. तिथे १२ वर्षं ठेवायची तर पिंपात उरणार किती? तरी आपले लोक लेबलवरचा आकडा वाचूनच भारावतात. माझ्या मते तो आकडा हवामानासकट वाचला पाहिजे.

एक गोष्ट मात्र लाकूड करू शकत नाही. गाळताना चुकलेलं ते सुधारत नाही. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, तो अगदी सुरुवातीचा भाग तिकडे फेकून देतात. आणि मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, कोळशाने, ओकने किंवा दहा वर्षं ठेवून जात नाही. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये मिथेनॉल असलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. मुरवणं हा चवीचा विषय आहे, विषाचा उतारा नव्हे.

आता मघाशी समोरून आलेला प्रश्न: पाणी कधी घालायचं? मुरल्यावर, आणि एकदम नाही. ६० टक्क्यांची एक लिटर ४५ वर आणायला तिसरा हिस्सा लिटर पाणी लागतं, ते थोडं थोडं करत काही दिवसांत घालतात आणि परत ठेवून देतात. साधारण ४६ टक्क्यांखाली, त्यात थंडी असली, तर ती गढूळ दिसू लागते. लांब साखळीची एस्टर तेव्हा विरघळलेली राहत नाहीत, इतकंच. मोठे कारखाने म्हणून व्हिस्की थंड करून फिल्टर करतात आणि त्यात थोडा स्वादही गमावतात. घरी बनवणारा तसं करत नाही. बरणी उबेला आली की ती पुन्हा स्वच्छ दिसते.