रातांबा कुठला, साल कसली?

(कुडाळ येथे पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विद्यार्थ्यांनो, ही वही बघा. पावसाळी दमटपणाने पानं एकमेकांना चिकटलीत, आणि या पानावर पेन्सिलीने एक ओळ आहे : ‘साल, १० ग्रॅम.’ या ओळीने माझा एक हंगाम घेतला.

मी रातांब्याच्या, म्हणजे कोकमच्या फळाच्या, सालीतल्या आम्लावर काम करत होतो. नियतकालिकाला पेपर पाठवला. तीन महिन्यांनी समीक्षकाचा प्रश्न आला : साल ताजी की सुकवलेली? मी वही उघडली, तर वहीत उत्तर नव्हतं. ताज्या सालीचा मोठा भाग पाणीच असतो. तेच आम्ल सुक्या वजनावर मोजलं की आकडा कितीतरी पटीने मोठा दिसतो. माझे आकडे खोटे नव्हते, पण ते कशाचे आहेत हे मलाच सांगता येईना. रातांबे धरतात वर्षातून एकदा. चैत्र-वैशाखात ते हातचे गेले, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. मी थांबलो.

म्हणून आज पेपर पाठवण्याच्या तयारीबद्दल बोलताना मी मार्जिनपासून सुरुवात करणार नाही. मांडणी ही शेवटच्या रात्रीची सजावट आहे असं बरेच जण समजतात. माझं मत वेगळं आहे. ज्याने रातांबा कधी पाहिला नाही त्याला तुमचं काम पुन्हा करून बघता आलं पाहिजे, आणि पेपरातला प्रत्येक नियम त्यासाठीच आहे.

‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग घ्या. आपण लिहितो, ‘कोकमची फळं स्थानिक बागेतून घेतली.’ आता ब्राझीलमधला वाचक हे वाचतोय असं समजा. कोकम म्हणजे झाड, फळ की वाळवलेलं आमसूल? आपल्या घरात हा घोळ होत नाही, कारण फळाला आपण रातांबा म्हणतो. त्याला हे कुठून कळणार? म्हणून शास्त्रीय नाव द्यायचं : गार्सिनिया इंडिका, तिरप्या अक्षरांत, पुढे नाव देणाऱ्यांची नावं, कंसात तुआर आणि मग श्वाझी, ही सरळ अक्षरांत. पहिल्यांदा पूर्ण, नंतर ‘गा. इंडिका’ पुरे. झाड रोपाचं की कलमाचं? कलमाचं असेल तर कोणत्या जातीचं? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ असेल तर तसं लिहा. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा किती झाडांवरून फळं घेतली हेही सांगा. अक्षांश-रेखांश, काढणीची तारीख, फळ पिकून लाल झालं होतं की अजून हिरवट होतं, सगळं हवं. झाडाचा वाळवलेला नमुना एखाद्या मान्य वनस्पतिसंग्रहालयात ठेवून त्याचा क्रमांक द्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यात आहे, तिथे चौकशी करता येते.

मोजमापांचंही तसंच. बागायतदार पाटी, मण, खंडी यांत बोलतो, आणि आपण त्याच्याकडून ऐकलेलं तसंच वहीत उतरवतो. पेपरात मात्र किलो आणि ग्रॅमच. ‘उन्हात वाळवली’ असं लिहून भागत नाही. किती दिवस, आणि मधे सालीला रस लावला का? आमसुलं करताना साल पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवतात. तशी साल तुम्ही तपासायला घेतलीत, तर तुम्ही साल आणि वरचा रस दोन्ही मोजताय.

आता फाइल. नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना पहिल्या दिवशी वाचा, शेवटच्या दिवशी नको. शब्दमर्यादा, दुप्पट अंतर, ओळींना क्रमांक हे तिथे दिलेलं असतं. ओळींच्या क्रमांकांचा अनेकांना कंटाळा येतो, पण ‘ओळ १४२ मध्ये एकक चुकलंय’ असं समीक्षकाला सांगता येतं ते त्यांच्यामुळेच. तक्ता वर्डमध्ये तक्ता म्हणूनच करा, त्याचा फोटो चिकटवू नका. छायाचित्रं वेगळ्या फाइलीत, सहसा किमान ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) मागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान होऊन आलेला असतो, तो घेऊ नका. संदर्भ हाताने टाइप करत बसू नका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकला की नोंद तयार होते. पण ती तपासा, कारण शास्त्रीय नावाची तिरपी अक्षरं त्यात हमखास हरवतात. समीक्षकापासून लेखकांची नावं लपवायची असतील, तर आभारांचा भाग आणि फाइलच्या माहितीत शिरलेलं तुमचं नावही काढा.

लेखक कोण, हा प्रश्न मला जास्त छळतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्यात आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. नुसत्या विभागप्रमुखपणाने यातली एकही पूर्ण होत नाही. ज्यांच्या बागेत तुम्ही चार उन्हाळे राबलात त्या काकांचं नाव, त्यांना विचारून, आभारात आलंच पाहिजे. ते राहून गेलेलं मी पाहिलंय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यामुळे मुलं आकडा ९ वर आणण्यासाठी शब्द फिरवत बसतात. तसं करू नका. दुसऱ्याचं वाक्य बाजूला ठेवा, पान मिटा आणि आपल्याला काय समजलं ते लिहा. एकच पेपर एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. आणि चार दिवसांत स्वीकारतो, पैसे भरा, असं सांगणाऱ्या नियतकालिकाला तुमचा एक हंगामही देऊ नका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमच्यावर आणि तुमच्या गाईडवर आहे. त्यातले मागचे दोन-तीन अंक वाचा. संपादक मंडळातल्या माणसांच्या विद्यापीठाच्या पानावर त्याचा उल्लेख आहे का ते बघा.

दुसऱ्या हंगामानंतर पेपर पुन्हा पाठवण्याआधी मी पद्धतीचा परिच्छेद आईला मराठीत वाचून दाखवला. ती पडवीत आमसुलं पालथी करत बसली होती. ताजी साल, सुकी साल, ओव्हनचे ६० अंश, स्थिर वजन, सगळं ऐकून घेतलंन. मग म्हणाली, “रातांबे झाडावरचे काडलंस, की पडलेले येचलंस?”

निम्मे झाडावरचे होते, निम्मे वेचलेले. पडलेलं फळ जास्त पिकलेलं असतं, हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. माझ्या दोन्ही मसुद्यांत ते नव्हतं. या वेळी वहीत मात्र होतं, पाटीगणिक वेगळं लिहिलेलं. त्या रात्री मी आकडे दोन रकान्यांत मांडले आणि तक्ता नव्याने केला.

आता तुमच्या फाइली उघडा. पद्धतीचा भाग काढा आणि तो शेजाऱ्याला वाचायला द्या.