फायबरग्लासला माया नसते

नमस्कार श्रोतेहो.

आज मी बोलणार आहे अमेरिकेच्या अंतराळवीर क्रिस्टीना कुक यांच्याविषयी. आधी नावाचं निस्तरते. त्यांचं आडनाव के, ओ, सी, एच असं लिहितात, म्हणून आपल्याकडे सर्रास 'कोच' छापतात. उच्चार मात्र कुक. घरी हे सांगितलं तर आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे वर स्वयंपाकाला गेली होती का गं?" नाही हो आत्या, इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे ती. विजेचं काम करायला गेली होती.

ह्या आत्याबाई आज पुन्हा पुन्हा येणार आहेत, तेव्हा ओळख करून देते. इंदूरच्या रामबागेतल्या घरात, पुढच्या खोलीत, चाळीसेक वर्षं ब्लाउज शिवताहेत. गळ्यात टेप, पदराला दोन सुया. आणि मी स्वतः निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सबस्टेशनांवर उन्हातान्हात नोकरी केली. आमच्या दोघींचं एकाच बातमीवर एकमत झालं, असं आयुष्यात एकदाच घडलं. तीच गोष्ट सांगते.

2019 ची रंगपंचमी. 25 मार्च, सोमवार. इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, तुम्हाला मी काय सांगायची! राजवाड्यावर टँकरमधून रंग उडतो, गच्चीवरचा माणूससुद्धा कोरडा राहत नाही. मी हल्ली जात नाही. पळसाची फुलं रात्रभर भिजवून केलेला रंग ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना हा पंपाचा मारा मानवत नाही. असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता, समोर पोहे होते, आणि मी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवत होते.

बातमी अशी. शुक्रवारी, 29 मार्चला, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून दोन बायका एकत्र बाहेर पडणार होत्या. क्रिस्टीना कुक आणि अॅन मॅक्लेन. अंतराळात दोन बायका मिळून बाहेर काम करताहेत, असं तोवर कधी झालं नव्हतं. ते रद्द. कारण काय? मधल्या मापाचा वापरायला तयार असलेला सूट एकच होता. नीट ऐका, बायका दोन आणि मधल्या मापाचा तयार सूट एक.

आत्याबाईंनी चमचा खाली ठेवला. "अगं, मग मोठा घ्यायचा आणि शिवण आत घ्यायची."

आता त्यांना समजवायचं होतं. म्हटलं, हा सूट म्हणजे अंगरखा नव्हे. त्याचा छातीपाठीचा भाग फायबरग्लासचा, टणक, कासवाच्या पाठीसारखा. हातापायांची लांबी कमीजास्त करता येते, छातीचा भाग मात्र जो आहे तो आहे. मध्यम, मोठा, त्याहून मोठा, अशी मापं. मॅक्लेननी जमिनीवर दोन्ही मापांत सराव केला होता. 22 मार्चला त्या मध्यम सूट घालून बाहेर जाऊन आल्या आणि त्यांना कळलं, आपल्याला हाच नीट बसतो. वजन जाणवेनासं झालं की पाठीचा कणा ताणला जातो, माणूस थोडा उंच होतो. जमिनीवरचं माप वर चालेलच असं नाही. कुकनाही मध्यमच लागणार होता.

आत्याबाई म्हणाल्या, "माया नव्हती ठेवली?"

शिवणकाम येणाऱ्यांना कळलं असेल. ब्लाउज बेतताना शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, ती माया. अंग सुटलं की तेवढं उसवून घ्यायचं. हल्लीच्या रेडिमेड ब्लाउजांत माया नावाला नसते, तीन धुण्यांत ते कपाटात जातात, पण शीतलामाता बाजारातली गर्दी काही कमी होत नाही. तर मी म्हटलं, आत्या, फायबरग्लासला कसली माया!

माझं मत त्याच दिवशी पक्कं झालं. जगभर लोक चिडले होते, नासाला नावं ठेवत होते. त्यात तथ्यही होतं. हे सूट स्पेस शटल ह्या जुन्या यानाच्या काळातले, तेव्हा वर जाणारे बहुतेक पुरुषच. पण मला मॅक्लेनचं कौतुक वाटलं. बदल करा, अशी शिफारस त्यांनी स्वतः केली. इतिहासात नाव लागण्यापेक्षा सूट अंगाला बसणं महत्त्वाचं, असं म्हणायला धैर्य लागतं. मी ते दाखवलं नव्हतं. नोकरी नवीन असताना मला विजेच्या कामाचे रबरी हातमोजे मिळाले, ते पुरुषी मापाचे. माझी बोटं संपली की पुढे इंचभर रबर रिकामं. नट धरायला जावं तर रबरच चिमटीत यायचं. बदलून मागितले असते तर "बायकांना हे काम झेपत नाही" ऐकावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. अंतराळातले हातमोजे तर हवेच्या दाबाने फुगलेले असतात. मूठ वळायची म्हणजे दर वेळी रबरी चेंडू दाबायचा, तोही सहा-सात तास. तिथे माप चुकलं तर काय होईल, हे मला कोणी सांगायला नको.

शेवटी 29 मार्चला कुक बाहेर पडल्याच. सोबत निक हेग होते.

अरे बापरे, घड्याळ फार पुढे गेलं. बाईंचं चरित्र भराभर सांगते. जन्म 1979 चा, मिशिगन राज्यातला. वाढल्या नॉर्थ कॅरोलायनात, शिकल्याही तिथेच, इलेक्ट्रिकल आणि भौतिकशास्त्र दोन्ही. नासाच्या गोडार्ड केंद्रात उपकरणांवर काम केलं. मग थेट दक्षिण ध्रुव! अमंडसेन-स्कॉट तळावर अख्खा हिवाळा काढला. सूर्य सहा महिने दिसत नाही, विमान येत नाही, आग लागली तर विझवणारे आपणच. त्या पथकातही ह्या होत्या. पुढे ग्रीनलंड, अलास्का, सामोआ. 2013 साली नासाने आठ जण निवडले, चार स्त्रिया, चार पुरुष, त्यांत ह्या. 14 मार्च 2019 ला सोयुझ ह्या रशियन यानातून वर गेल्या आणि 6 फेब्रुवारी 2020 ला खाली आल्या. 328 दिवस. पुन्हा सांगते, 328 दिवस, सलग. तोवर कोणतीही स्त्री एका खेपेत इतके दिवस वर राहिली नव्हती. 2023 च्या एप्रिलमध्ये, चंद्राला वळसा घालणाऱ्या आर्टेमिस-2 मोहिमेच्या चौघांत त्यांचं नाव जाहीर झालं.

आता परत आत्याबाईंकडे. ऑक्टोबरपर्यंत मध्यम मापाचे दोन सूट तयार झाले होते. मॅक्लेन खाली परतल्या होत्या, त्यांच्या जागी जेसिका मीर होत्या. तेवढ्यात स्थानकावरचं बॅटरी चार्ज करणारं एक यंत्र बंद पडलं. घरातला इन्व्हर्टर आठवा. वीज असताना बॅटरी भरायची, गेली की वापरायची. स्थानक दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं, म्हणजे तिथे दर दीड तासाला ऊन, आणि उन्हावरची वीज, जाते आणि येते. ते यंत्र बदलायला 18 ऑक्टोबरला कुक आणि मीर बाहेर पडल्या. अंतराळात बाहेर पडलेली पहिली स्त्री स्वेतलाना सावित्स्काया, साल 1984. दोघी मिळून जायला आणखी पस्तीस वर्षं लागली.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. दिवाळी नऊ दिवसांवर, आत्याबाईंच्या पुढ्यात ब्लाउजांचा ढीग. मोबाइल मशीनला टेकवून ठेवला होता. हूक लावायचे, मान वर करायची, बघायचं. मी सांगितलं, लाल पट्ट्यांच्या सूटमध्ये कुक, पांढऱ्यात मीर. सात तास सतरा मिनिटं चाललं ते काम. यंत्र बदललं, दोघी आत आल्या, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती. मी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी दातांनी दोरा तोडला, चष्मा कपाळावर घेतला, मोबाइल अगदी नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "झकास. पण त्या पट्टेवालीला खांद्यात अजून ढगळच आहे गं."

नमस्कार.