कानासाठी यादी

मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि कामांची यादी ठेवणारं ॲप, या दोन गोष्टी आज बहुतेकांच्या फोनमध्ये आहेत. त्या एकमेकींना जोडणंही आता अवघड राहिलेलं नाही. आयफोनवर शॉर्टकट्स या ॲपमध्ये एक पायरी उरलेली रिमाइंडर्स शोधून आणते, दुसरी ती बोलून दाखवते. अँड्रॉइडवर टास्कर हे ॲप हेच करतं. होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कामांची यादी आणि आवाज दोन्ही एकाच घरात नांदतात. वेबवरच्या सेवा जोडायच्या असतील तर झॅपियर आहे, एनएटएन आहे, नोड-रेड आहे. पाऊण तासात जोडणी उभी राहते.

पण अशी जोडणी हौसेनं उभी करून नंतर गुपचूप बंद केलेली मी अनेकांकडे पाहिली आहे. आवाज वाईट असतो म्हणून नव्हे. २०१६ साली डीपमाइंड कंपनीचं वेव्हनेट हे आवाज तयार करणारं तंत्र आलं, तेव्हापासून यंत्राचा आवाज फार सुधारला आहे. ती बंद पडते, कारण यादी डोळ्यांसाठी लिहिलेली असते आणि तीच जशीच्या तशी कानावर टाकली जाते. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: यादी आणि आवाज यांच्यामध्ये एक संपादक हवा. ऑटोमेशन म्हणजे खरं तर त्या संपादकाचं काम.

डोळा यादीवरून घसरत जातो, नको ते गाळतो, परत मागे येतो. कानाला ती सोय नाही. बोललेलं एकामागून एक येतं आणि निघून जातं. संथ बोलण्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात असं धरा. वीस कामं, प्रत्येकाचे दहा शब्द, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. दोन मिनिटांनंतर पहिलं काम कोणाला आठवेल? नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली मांडलं की माणूस एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरू शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की एका वेळी तीन कामं बोलावीत आणि शेवटी ‘आणखी सतरा आहेत’ एवढं सांगावं. उरलेली मागितली तरच ऐकवावीत.

आता ही तीन निवडायची कशी? तारीख आणि प्राधान्य पाहून, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण इथे सापळे आहेत. टूडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपच्या पडद्यावर सगळ्यात तातडीचं काम ‘पी १’ असतं, आणि त्याच्या एपीआयमधून, म्हणजे इतर सॉफ्टवेअरला माहिती देणाऱ्या दारातून, तेच काम ४ हा आकडा घेऊन येतं. कॅलेंडर आणि कामांच्या देवाणघेवाणीसाठी २००९ साली ठरलेल्या आयकॅलेंडर प्रमाणात, म्हणजे आरएफसी ५५४५ मध्ये, उलट आहे. तिथे १ सर्वांत वरचं, ९ सर्वांत खालचं, आणि ० म्हणजे प्राधान्य दिलेलंच नाही. एका ॲपसाठी लिहिलेली चाळणी तशीच दुसऱ्याला लावली, तर सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम रोज सकाळी ठणकावून ऐकू येईल. गूगल टास्क्सची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या एपीआयमधून कामाची फक्त तारीख मिळते, वेळ मिळत नाही. तुम्ही ॲपमध्ये दुपारची वेळ लावली असली तरी जोडणीला ती दिसत नाही. वेळेवर बोलणारी आठवण हवी असेल, तर ती वेळ दुसरीकडे, उदाहरणार्थ कॅलेंडरमध्ये, ठेवावी लागते. हे आधी तपासा, जोडणी नंतर बांधा.

निवड झाली की भाषा. माझा सगळ्यात आवडता भाग हाच. यादीत आपण काय लिहितो ते पाहा: ‘प्रस्ताव – ३रा मसुदा, १०/१२, १५:३०, #कार्यालय’. डोळ्याला यात काही अडत नाही. यंत्राच्या तोंडी याचं काय होईल याची खात्री देता येत नाही. १०/१२ ही तारीख, अपूर्णांक की ‘दहा तिरकी रेघ बारा’? १५:३० चं ‘पंधरा तीस’. # या चिन्हाचंही नाव घेतलं जाईल. कानाला हवं असतं ते असं: ‘प्रस्तावाचा तिसरा मसुदा, दहा डिसेंबर, दुपारी साडेतीन.’

मराठीत वेळ सांगण्याची रीत इतकी सुबक आहे की तिच्यासाठी एक छोटासा तक्ता लिहिणं मला कर्तव्य वाटतं. पंधरा मिनिटं झाली की सव्वा, तीस झाली की साडे, पंचेचाळीस झाली की पुढच्या तासाच्या आधी पावणे. अपवाद मोजकेच: १:३० म्हणजे दीड, २:३० म्हणजे अडीच, १२:४५ म्हणजे पाऊण, आणि १:१५ म्हणजे नुसतं सव्वा. बाकीच्या मिनिटांना ‘तीन वाजून वीस मिनिटांनी’. पंधरा-वीस ओळींचा कोड आहे हा. तो लिहिला की ऐकणाऱ्याला मनातल्या मनात भाषांतर करावं लागत नाही, आणि आवाज आपल्या माणसाचा वाटू लागतो. उच्चाराची कामं याहून कठीण. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, या दोन्हींत ज वेगळा आहे, पण लिहिताना एकच अक्षर. वाक्याचा संदर्भ नसेल तर आवाज तयार करणाऱ्या इंजिनाने ओळखायचं कसं? म्हणूनही सुट्या शब्दापेक्षा पूर्ण वाक्य द्यावं: ‘बिल’ असं नको, ‘विजेचं बिल भरायचं आहे’ असं.

आवाजाला सूचना देण्यासाठी एसएसएमएल नावाची खुणांची भाषा आहे. डब्ल्यू३सी या संस्थेनं तिचं पहिलं प्रमाण २००४ साली मंजूर केलं. ‘ब्रेक’ ही खूण दोन कामांत अर्ध्या सेकंदाचा विराम टाकते, आणि तो टाकलाच पाहिजे, नाहीतर एका कामाची शेपूट दुसऱ्याला चिकटते. ‘सब’ ही खूण लिहिलेल्या संक्षेपाऐवजी वेगळा मजकूर बोलायला लावते. मात्र एसएसएमएल हे एक्सएमएल आहे, म्हणजे काही चिन्हांना खास अर्थ असलेली काटेकोर लेखनपद्धत. कामाच्या नावात कुणी अँपरसँडचं (&) चिन्ह टाकलं आणि ते नीट बदलून घेतलं नाही, तर त्या एका नावापायी सगळी विनंती नाकारली जाऊ शकते.

लांबीचीही मर्यादा असते, आणि देवनागरीला ती आधी बोचते. गूगलच्या मजकुराचा आवाज करून देणाऱ्या क्लाउड सेवेत एका विनंतीत ५,००० बाइट मजकूर जातो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘प्रस्ताव’ हा उच्चाराला तीन अक्षरांचा शब्द २४ बाइटचा होतो. त्यामुळे लांब मजकूर वाक्यावाक्यावर तोडून पाठवावा, मधेच कधीही नाही. शिवाय तयार झालेला आवाज साठवून ठेवावा. काम तेच असेल, शब्द तेच असतील, तर दुसऱ्यांदा तयार करायची गरज नसते. मोजणी अक्षरांवर होणाऱ्या सेवेत हा खर्चाचाही प्रश्न आहे.

बोलायचं कधी, हे वेबहूकमुळे, म्हणजे ॲपकडून आपोआप येणाऱ्या निरोपामुळे, फार मोहाचं झालं आहे. यादीत बदल झाला की ॲप लगेच कळवतं, मग लगेच बोलूनही टाकावंसं वाटतं. पण मी स्वतःच आत्ता टाइप केलेलं काम मला कशाला ऐकवायचं? वेबहूकचा उपयोग आपली प्रत ताजी ठेवण्यापुरता करावा, आणि बोलणं ठरलेल्या वेळी किंवा मागितल्यावर. एकच वेबहूक दोनदा येऊ शकतो, म्हणून कामाच्या ओळख-क्रमांकाची नोंद ठेवावी, म्हणजे एकच आठवण पाठोपाठ दोनदा ऐकू येणार नाही.

परतीची वाट मात्र विसरू नका. ऐकलेल्या कामाला तिथल्या तिथे ‘झालं’ म्हणता आलं नाही, तर फोन काढून तेच काम शोधावं लागतं आणि कानाचा फायदाच जातो. जोडणीनं शेवटी बोललेल्या कामाचा क्रमांक लक्षात ठेवावा, ‘झालं’ किंवा ‘उद्या’ ऐकल्यावर तेवढ्याच कामात बदल करावा, आणि काय केलं ते कामाचं नाव घेऊन सांगावं. पुसून टाकण्याचा हक्क आवाजाला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. चुकीचं ऐकून एखादं काम पूर्ण झालं अशी खूण पडली तर ती मागे घेता येते. पुसलेलं काम परत मिळेलच असं नाही.

या सगळ्यात ज्यांच्याकडून शिकावं ते लोक आहेत दृष्टिहीन वापरकर्ते. रे कर्झवाइल यांचं वाचन-यंत्र १९७६ साली त्यांच्यासाठीच आलं. २००६ साली मायकल करन यांनी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, सुरू केला, आणि ते स्वतः दृष्टिहीन आहेत. अनुभवी वापरकर्ते विलक्षण वेगानं ऐकतात आणि वाक्यातला कामाचा शब्द आधी यावा अशी अपेक्षा ठेवतात. ‘तुमच्या आजच्या यादीत खालील कामे आहेत’ अशी प्रस्तावना त्यांना रोज ऐकावी लागली तर तो त्यांच्या वेळेचा अपमान आहे. वेग बदलण्याची सोय आणि मधेच थांबवण्याची सोय जोडणीत पहिल्या दिवसापासून हवी.

खाजगीपणाबद्दल थोडकंच सांगतो, कारण मुद्दा सरळ आहे. पडद्यावरची यादी एक जण वाचतो, बोललेली यादी खोलीतले सगळे ऐकतात. डॉक्टरांची भेट, पैशांचा व्यवहार अशा कामांना एक खूण लावा. ती खूण दिसली की स्पीकरवर फक्त ‘एक खाजगी काम आहे’ एवढंच यावं, तपशील इअरफोन असेल तरच. क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर, मजकूर पाठवायचा नसेल तर ईस्पीक एनजीसारखं इंजिन फोनवर किंवा संगणकावरच चालतं आणि त्याला मराठी येतं. आवाज यांत्रिक आहे, पण मजकूर बाहेर जात नाही.

शेवटची गोष्ट शांततेची. सकाळी आठ वाजता काहीच ऐकू आलं नाही, तर त्याचा अर्थ काय? आज काम नाही? की एपीआयची किल्ली, म्हणजे यादी वाचायची परवानगी देणारा सांकेतिक शब्द, कालबाह्य झाली आणि जोडणी तीन दिवस बंद आहे? पडद्यावर चूक दिसते तरी, कानाला दोन्ही सारखंच. म्हणून यादी रिकामी असेल तर ‘आज काही नाही’ असं बोलावंच, आणि यादी आणता आली नाही तर ‘यादी मिळाली नाही, माझ्याकडची प्रत काल रात्रीची आहे’ असं. ही दोन वाक्यं आधीच ध्वनिमुद्रित करून यंत्रावर ठेवा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी ती बोलता येतील.