चार हजारांच्या गर्दीतला एक आयन

टेबलावरची ही काचेची नळी आधी पाहून घ्यावी, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे रेझीनचे, म्हणजे पाण्यातले आयन (विद्युतभारित कण) स्वतःवर धरणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, फिकट मणी तिच्यात भरले आहेत आणि वरून मी मोरचूद (तांब्याचे सल्फेट) व निकेल सल्फेट यांचे मिश्र द्रावण सोडतो आहे. वरचा थर निळा होत चालला आहे, त्याखालचा हिरवा. द्रावण सोडत राहिल्यास निळा पट्टा हिरव्याला खाली ढकलत जाईल, म्हणजेच आधी जागा धरून बसलेल्या निकेलला तांबे उठवील.

पिण्याच्या पाण्यातून शिसे काढताना नेमकी हीच निवड लागते. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात ०.१ मिलिग्रॅम शिसे आहे असे धरू. आयएस १०५०० या भारतीय मानकातील ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या ते दसपट आहे. तरीही हिशेब केला, तर शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे सुमारे ४,१०० आयन येतात. पाणी मऊ करण्यासाठी वापरतात ते सल्फोनिक गटाचे (गट म्हणजे आयनाला धरणारा अणूंचा लहान समूह) पॉलिस्टायरीन रेझीन मुख्यतः आयनाचा विद्युतभार आणि त्याचा पाण्यातला आकार पाहते. शिशाला ते थोडे झुकते माप देते खरे, पण एवढ्या गर्दीत ते पुरत नाही आणि बहुतेक जागा कॅल्शियमच अडवते.

आपल्या नळीतल्या मण्यांचा सांगाडाही पॉलिस्टायरीनचाच आहे. त्यावर बसवलेला गट मात्र इमिनोडायॲसिटेटचा आहे. त्यातला एक नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन मिळून एकाच धातूला तीन ठिकाणी धरतात. अशा पकडीला कीलेट म्हणतात. या शब्दाचे ग्रीक मूळ म्हणजे खेकड्याची नांगी, आणि ती कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तांबे, शिसे, निकेल यांचे नायट्रोजनशी चांगले जमते, कॅल्शियमला त्याचे फारसे आकर्षण नाही, म्हणून गर्दी कितीही असली तरी कॅल्शियम मागे पडते. पाऱ्याला यापेक्षा गंधक प्रिय. त्यासाठी गंधक असलेल्या थायोल गटाचे रेझीन घ्यावे लागते. त्यामुळे सर्व धातूंवर एकच रेझीन चालते असा दावा कुणी केला, की मी आधी त्यातला गट कोणता ते विचारतो.

पाण्याचा सामूही (पीएच) तितकाच महत्त्वाचा आहे. तो २ च्या खाली गेला, म्हणजे पाणी फार आम्लधर्मी झाले, की हायड्रोजनचे आयन त्याच जागांवर हक्क सांगतात आणि धातू सुटू लागतो. रेझीन पुन्हा वापरण्याजोगे करताना आपण हेच मुद्दाम घडवतो. आता मी नळीत सौम्य सल्फ्युरिक आम्ल सोडतो. मण्यांवरचा निळा रंग ओसरून खालच्या चंचुपात्रात उतरतो आहे. मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या धुवणातले निकेल असेच थोडक्या आम्लात गोळा करून परत वापरता येते. थायोलला चिकटलेला पारा मात्र अशा सौम्य आम्लाला दाद देत नाही, आणि तो पुष्कळदा रेझीनसकट घातक कचरा म्हणूनच बंदिस्त करावा लागतो.