भुताच्या प्रेमकथेवर आपल्या गावातल्या वाचकांचं म्हणणं

(वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. आज्या, ताया, मागं उभे असलेले दादा लोक, आणि पोरींनो तुम्ही दाराशी काऊन उभ्या आहात, आत या, सतरंजीवर जागा आहे. 15 ऑक्टोबरला आपण दरवर्षी कलामसाहेबांवर बोलतो, यंदा मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं की गेला उन्हाळाभर या ओट्यावर ज्या एका कादंबरीवरून वाद चालला, तिच्याबद्दल आपले लोक काय काय बोलले तेच मला मांडायचं आहे. एकदोघांनी नाक मुरडलं, भुताची लव्हस्टोरी हा काय व्याख्यानाचा विषय आहे का म्हणून. मला वाटतं आहे. वेचणीला जाणारी बाई आणि बीएची पोरगी एकाच पुस्तकावर तावातावानं बोलतात असं आपल्या गावात रोज होत नाही, आणि ते बोलणं हवेत विरून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कादंबरी म्हणजे ट्वायलाइट. स्टेफनी मेयर या अमेरिकन बाईंनी लिहिलेली, 2005 साली आली, मग 2006, 2007, 2008 असे ओळीनं पुढचे तीन भाग. गोष्ट थोडक्यात सांगते. बेला नावाची सतरा वर्षांची पोरगी बापाकडं राहायला फोर्क्स नावाच्या गावात येते, वॉशिंग्टन राज्यातलं हे गाव, सदा पाऊस आणि ढग, आणि तिच्या वर्गातला एडवर्ड हा पोरगा निघतो व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा, न मरणारा. दुसरीकडं जेकब, तिथल्या आदिवासी वस्तीतला, लांडग्याचं रूप घेऊ शकणारा. बेलाचा जीव एडवर्डवर आणि जेकबचा बेलावर. जगभरात वाचकांचे दोन तट पडले, टीम एडवर्ड आणि टीम जेकब, आपल्या पोरींच्या स्टेटसलाही ते मी पाहिलंय.

आपल्याकडं पुस्तक इंग्रजीतलं आलं. बीए फायनलच्या एका पोरीनं आणलं, ती दुपारी ओट्यावर बसून एकेक प्रकरण वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची, कोणी मोबाइलवर पिक्चर पाहिलेला, कोणी फक्त ऐकलेलं. यांना वाचक कसं म्हणायचं असं एका सरांनी मला विचारलं. अहो सर, पोथी तरी आपल्याकडं एकजण वाचतो आणि गाव ऐकते, मग ऐकणाऱ्याला काही मत नसतं का.

तर पहिलं मत एका आजीचं. एडवर्ड खरा 1901 चा जन्मलेला, 1918 च्या फ्लूच्या साथीत मरायला टेकला होता आणि एका व्हॅम्पायर डॉक्टरनं त्याला आपल्यासारखं करून टाकलं, हे ऐकल्याबरोबर आजी म्हणाली, "म्हंजे मानमोडीच्या सालातला का? आमच्या सासूबाई सांगत, एका घरातून तीन तीन तिरड्या निघाल्या." त्या साथीत हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. परदेशी गोष्टीतल्या त्या एका सालानं आजी एकदम गोष्टीच्या आत शिरली, मग तिला त्या पोराची दया यायला लागली, आणि पुढं जेव्हा कळलं की त्याचं घर माणसाचं रक्त पीत नाही, फक्त जनावराच्या रक्तावर भागवतं, तेव्हा ती म्हणाली, "मंग त्यानं माळच घातली म्हणा ना." मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे, पण त्या घराची तपश्चर्या इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेली मला आठवत नाही, कारण पुस्तकाचा सगळा ताण तिथंच आहे. त्याला सगळ्यात जास्त ओढ बेलाच्याच रक्ताची आहे, तिच्या शेजारी बसणं ही त्याला शिक्षा आहे, आणि तरी तो रोज बसतो.

यावरच दुसरं मत आलं. ती ताई आज इथं बसलेली आहे, नाव घेत नाही, तिनं मला सांगायची परवानगी दिली आहे. ती म्हणाली, "आमच्या घरचा पिऊन आला का त्याचा हात त्याच्या ताब्यात राहत नाही. अन् हा तं तहानेनं मरून राह्यला तरी तिच्या अंगाले धक्का लावत नाही. मले हा आवडला बाप्पा." ओट्यावर कोणी काही बोललंच नाही बराच वेळ. आपला वर्धा जिल्हा 1975 पासून दारूबंदीचा, तरी घराघरात काय चालतं ते इथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. लोक म्हणतात अशा कादंबऱ्या म्हणजे श्रीमंत पोराचं, चकचकीत गाडीचं स्वप्न, असेल तेही, पण या ताईला गाडी दिसली नाही, तिला आवरलेला हात दिसला. जगात इतक्या बायकांना हे पुस्तक का धरून ठेवतं त्याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिच्याकडूनच मिळालं.

पण मग बारावीची एक पोरगी उठली आणि तिनं सगळं उलटंच केलं. ती म्हणाली, तो तिच्या नकळत रातच्याला तिच्या खोलीत येऊन बसते, ती झोपली असताना तिच्याकडं पाहत राहते, आपल्या गावात कोणी असं केलं तर आपण पोलीस पाटलाकडं जाऊ, मग इथं त्याले प्रेम काऊन म्हणायचं? आणि तिसऱ्या भागात ती जेकबला भेटायला निघते तर हा तिच्या गाडीच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो, तिच्या भल्यासाठी म्हणे. पोरगी म्हणाली, "माझा भाऊ बी माझा मोबाइल माझ्या भल्यासाठीच घेते."

यावर कितीतरी दुपारी भांडण चाललं. एडवर्डवाल्या म्हणत तो तिचा जीव वाचवते, किती वेळा वाचवलं मोज, आणि ही म्हणे जीव वाचवला म्हणून काय पाळत ठेवायचा हक्क मिळते का. मला विचाराल तर मी या पोरीच्या बाजूची आहे, ठाम. ताईनं जे पाहिलं ते खरं आहेच, तो हात आवरतो, पण नजर आवरत नाही, आणि लेखिकेला या दोन्हीतला फरक टोचलेला कुठं दिसत नाही, ही या पुस्तकातली मोठी खोट आहे. तिकडच्या वाचकांनीही हेच बोलून दाखवलं होतं, बेला म्हणजे सदा कोणीतरी वाचवावी अशी अबला आहे म्हणून. तर 2015 मध्ये, पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा, मेयरबाईंनी तीच गोष्ट उलटी करून लिहिली, माणूस तो पोरगा आणि व्हॅम्पायर ती पोरगी. त्यांचं म्हणणं असं की व्हॅम्पायरसमोर कोणताही माणूस दुबळाच, त्यात बाई-पुरुष नाही. हे मी ओट्यावर सांगितलं तर आमची बारावीवाली म्हणाली, मंग ती पोरगी बी त्याच्या खोलीत लपून बसली तर तेबी चूकच. मला यात अजून काही घालायचं नाही.

एका सरांची तक्रार वेगळी होती, की अशानं अंधश्रद्धा वाढते. सर, मी तुमचा मान ठेवून सांगते, या पोरींपैकी एकीनंही भूत खरं असतं का असं विचारलं नाही. 2013 चा आपला जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवतो म्हणून माणसाला मारणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या भोंदूला धरतो, तिथं जोर लावायचा, मी तुमच्यासोबत येते. पुस्तकावर राग अमेरिकेतही निघाला, तिथल्या ग्रंथालय संघटनेची एक यादी असते, लोकांनी कोणत्या पुस्तकांवर सर्वात जास्त हरकती घेतल्या त्याची, 2009 च्या यादीत पहिल्या दहात ही मालिका होती. हरकती आपल्या ओळखीच्याच, वयाला शोभत नाही, धर्माला धरून नाही. आणि आपल्या वाचनालयात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांची कव्हरं हातोहात फाटली, तेव्हा कोणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. पोरी प्रेमाचं वाचायला लागल्या की मात्र लोकांना काळजी वाटायला लागते.

इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगते. आपल्या गावच्या गोष्टीत झपाटणारी बहुतेक बाईच. हडळ, जखीण, उलट्या पायांची, बाळंतपणात गेलेली, रात्री वाटेवर उभी राहून जाणाऱ्या गड्याला भुलवणारी. मुंजा आहे पिंपळावर, पण त्याचं दुःख लग्न राहिल्याचं. म्हणजे या गोष्टी सांगणाऱ्याला भीती बाईच्या ओढीची आहे, आणि या कादंबरीत ओढ पोरीला वाटते, ती त्याच्याकडं पाहते, त्याचे हात, त्याचा रंग, उन्हात त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते ते (यावर पोरं फार हसली, पोरी हसल्या नाहीत) आणि तिला कोणी वाईट चालीची म्हणत नाही. एवढ्यासाठी तरी मी हे पुस्तक कोणाच्या हातातून काढून घेणार नाही.

आता जेकबचं. आपल्याकडं गोंड समाजातला एक पोरगा आहे, बोलतो कमी, तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला की त्या लोकांच्या देवाची गोष्ट घेतली तर त्यांना विचारलं होतं का? आमच्या पेनाची, म्हणजे आमच्या देवाची, गोष्ट कोणी अशी घेतली तर आम्हाला चालणार नाही. मी घरी जाऊन शोधलं. जेकबची जमात क्विल्यूट ही खरी जमात आहे, समुद्रकाठी ला पुश नावाची त्यांची वस्ती, साधारण एक चौरस मैलाची, लांडग्यापासून आपण झालो ही त्यांची खरी जुनी कथा, पण पोरं ताप येऊन लांडगा होतात वगैरे हे सारं लेखिकेच्या मनातलं. पुस्तक खपलं, पर्यटक लोटले, आणि ती वस्ती मात्र त्सुनामीच्या पट्ट्यात. उंचावर सरकायला त्यांना नॅशनल पार्कची जमीन देणारा कायदा 2012 मध्ये झाला. जमिनीसाठी कागद घेऊन वर्षानुवर्षं फिरणं काय असतं ते या पोराला कोणी शिकवायची गरज नाही. टीम जेकब म्हणून टीशर्ट घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या वस्तीचा विचार केला असेल, हा त्याचा प्रश्न मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात मोठा वाटतो.

आणि आता जे सांगायला मी खरं उभी राहिले ते. आपण बसलो आहोत तिथून कौंडण्यपूर लांब नाही, वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचं माहेर, तिची पालखी तिथूनच पंढरपूरला जाते. विदर्भाच्या राजाचं जुनं कुंडिनपूर ते हेच असं आपण मानतो, म्हणजे दमयंतीचंही माहेर हेच. हंसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पुढचं महाभारताच्या वनपर्वात वाचा. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघं नळाचंच रूप घेऊन बसतात, तिच्यासमोर पाच नळ. ती हात जोडून सत्याची आण घालते तेव्हा देव आपल्या खुणा दाखवतात, त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, हार कोमेजलेला नाही, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. खऱ्या नळाला घाम आहे, धूळ आहे, हार सुकलेला आहे, पायाशी सावली आहे. आणि ही आपली पोरगी चार अमर सोडून त्या घामेजलेल्या माणसाच्या गळ्यात माळ घालते.

बेला उलटं करते, ती स्वतःच शेवटी अमर होते. हे मी मांडलं तेव्हा ओट्यावर एकदम उजेड पडल्यासारखं झालं, पोरी स्वतःच पुढचं जोडायला लागल्या. दुसऱ्या भागात एडवर्ड बेलाला जंगलात नेऊन सोडून जातो, तुझ्या भल्यासाठी म्हणतो. नळसुद्धा दमयंतीला रानात झोपलेली सोडून जातो, तिचंच अर्धं वस्त्र फाडून घेऊन, आणि मनाशी म्हणतो की मी नसलो तर ही आपल्या माणसांकडं तरी जाईल. दोघांचं बोलणं जवळजवळ एकच! मग बेला काय करते तर पुस्तकात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी नुसती नावं छापलेली कोरी पानं येतात, त्या पानांवर आपल्या पोरी रडल्या आहेत, मला ती पानं आवडतात, दुःख असंच असतं, महिने जातात आणि आत काही लिहिलं जात नाही. पण दमयंती माहेरी पोचली की माणसं पाठवते, कोड्यासारखा निरोप देऊन, जो ओळखून उत्तर देईल तो नळ, आणि शेवटी दुसऱ्या स्वयंवराची आवई उठवून त्याला आणवते. बेलाही पुढं त्याला वाचवायला इटलीपर्यंत धावते हे मी लपवत नाही, तिच्यात हिंमत आहे. फक्त तिच्या हिमतीला जायला एकच दिशा दिली आहे, त्याच्याकडं.

यावर आमच्या बीएच्या पोरीनं माझ्याशी वाद घातला आणि ती हटली नाही. ती म्हणाली, मॅडम, दमयंती राजाची पोरगी होती, तिला म्हातारपणाची भीती कशाला वाटेल, बेलाला अठरावा वाढदिवस आला तरी धडकी भरते की आपण सुरकुतणार आणि तो तसाच राहणार, आमच्याकडं तर पंचविशी आली का पोरगी जुनी झाली म्हणतात, मंग बेलाला कधीच जुनं व्हायचं नसेल तर तिचं चुकलं कुठं? मी तिला उत्तर दिलं नाही, अजूनही माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, पण ती आजी, मानमोडीवाली, तिथंच बसली होती, ती म्हणाली, "पोरी, पण त्याच्यासाठी आई सोडावी लागली का नाही तिले? आईले तं सांगता बी आलं नाही का मी काय झाली." बीएवाली म्हणे, हो, ते मात्र मला बी लागलं.

दमयंतीचं आख्यान आपल्याकडं आहे, दुसऱ्या कपाटात वरच्या खणात, वनपर्वाचा भाग. रजिस्टरमध्ये नाव लिहा आणि न्या, वाचून झालं की रविवारी ओट्यावर बसू, दादा लोकांनीही यायचं. आणि ट्वायलाइटचा तिसरा भाग ज्याच्याकडं आहे त्यानं आणून द्या रे, चौघीजणी थांबून राहिल्या आहेत.